लोणंदच्या पूर्वेला : पर्जन्यछायेतील गड आणि वाडे

गड, राजवाडे आणि रखरखीत भूमी असे तीन शब्द एका दमात उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर राजस्थान उभे राहते. जोधपूरचा मेहरानगड, जैसलमेरचा पिवळ्या दगडाचा किल्ला, उंटांच्या रांगा. त्यासाठी आपण हजार-दीड हजार किलोमीटरचा प्रवास आनंदाने करतो. महाराष्ट्रात वाळवंट नाही हे खरेच आहे. तथापि अल्प पाऊस, उजाड डोंगर, त्यांवर एकाआड एक किल्ले आणि पायथ्याच्या गावांतून लहान संस्थानिकांचे वाडे हे समीकरण पाहण्यासाठी इतके दूर जाण्याची आवश्यकता नाही. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेने लोणंदला उतरावे आणि पूर्वेची वाट धरावी.

या वाटेवरचा इतिहास आपण बहुधा लढायांच्या अंगाने वाचतो. कोणता किल्ला कोणी कोणाकडून घेतला, एवढ्यावर आपले समाधान होते. माझे म्हणणे असे की, या मुलखाचा इतिहास आधी पाण्याच्या अंगाने वाचला पाहिजे. पाणी कोणी साठवले, कोणी आणले आणि अखेरीस ते कोणाच्या शेतात गेले, या तीन प्रश्नांची उत्तरे इथल्या गडांनी, वाड्यांनी आणि तलावांनी जपून ठेवली आहेत.

प्रथम भूगोल. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, माण तालुक्यात, तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो, आणि तोही भरवशाचा नाही. दोन्ही ठिकाणांमधले अंतर शंभर किलोमीटरच्या आगेमागे आहे. सह्याद्री ओलांडताना ढग रिते होतात आणि पलीकडच्या भूमीवर केवळ त्यांची सावली पडते. लोणंद हे या सावलीचे दार म्हणावे असे ठिकाण. ज्ञानेश्वरांची पालखी आषाढात नीरा नदीत पादुकांना स्नान घालून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते आणि चांदोबाच्या लिंबाशी पहिले उभे रिंगण करून तरडगाव, फलटण, बरडमार्गे पुढे सरकते. आषाढातही या वाटेवर पुष्कळदा पाऊस नसतो. अंगावर पावसाऐवजी धूळ घेऊन चालणारे वारकरी या भागाला नवे नाहीत.

आजचा प्रवासी लोणंदहून फलटणकडे निघाला तर मात्र त्याला प्रथम दिसेल तो ऊस. इथे सावध राहिले पाहिजे. कारण हे हिरवेपण जमिनीच्या मालकीचे नाही, ते आणलेले आहे. भाटघरला नीरेच्या खोऱ्यात वेळवंडी नदीवर १९२८ साली लॉईड धरण पुरे झाले आणि नीरेच्या उजव्या काठाने कालवा निघाला. तो या वाटेच्या सोबतीने फलटण, माळशिरसच्या दिशेने जातो. १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले, तेही या कालव्याच्या आधाराने. या केंद्राने पुढे प्रसारित केलेल्या आणि महाराष्ट्रभर पसरलेल्या एका ऊसवाणाचे नावच 'नीरा' आहे. कालव्याच्या खालच्या अंगाला बागाईत आणि वरच्या अंगाला जिराईत, ही रेघ या भागात कोणत्याही सरहद्दीपेक्षा ठळक आहे. एकाच गावातल्या, एकाच भावकीतल्या दोन घरांचे नशीब त्या रेघेने वेगळे केले. मुलीला स्थळ पाहताना जमीन किती यापेक्षा ती कालव्याखाली आहे की वर, हे आधी विचारले जाई.

फलटण हे निंबाळकरांचे. भोसल्यांशी या घराण्याचा संबंध तीन पिढ्यांचा. मालोजीराजांची पत्नी उमाबाई निंबाळकरांची कन्या, शिवाजीमहाराजांच्या पत्नी सईबाई निंबाळकरांच्या कन्या आणि महाराजांची कन्या सखुबाई पुन्हा निंबाळकरांची सून. गावात जबरेश्वराचे हेमाडपंती धाटणीचे देऊळ आहे, महानुभावांची प्राचीन स्थाने आहेत, राममंदिर आहे आणि त्याला लागून संस्थानचा राजवाडा आहे. मुधोजीराव नाईक निंबाळकर हे १८४१ साली बालवयात दत्तक येऊन गादीवर बसले आणि १९१६पर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षे, त्यांची कारकीर्द चालली. मुधोजी मनमोहन राजवाडा या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू त्यांच्या नावाची आठवण सांगते. लाकडी खांब, कोरीव महिरपी, चौकामागून चौक अशी ही मराठी वाडा-परंपरेतली रचना आहे. राजस्थानी महालांचा दिमाख तिच्यात नाही. आणि ते स्वाभाविक आहे. पावसाच्या मर्जीवर चालणाऱ्या चिमुकल्या संस्थानाचा वाडा याहून मोठा होणे शक्य नव्हते.

पुढचे अधिपती मालोजीराव नाईक निंबाळकर १९१७ साली गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत कालव्याचे पाणी संस्थानात पोचले आणि १९३३ साली साखरवाडीला साखर कारखाना उभा राहिला. १९४८ साली संस्थान विलीन झाल्यानंतर हेच मालोजीराव मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात सार्वजनिक बांधकाम खाते सांभाळू लागले. कोयना प्रकल्पाच्या उभारणीशी त्यांचे नाव जोडले जाते. ज्या राजाने आपल्या मुलखात कालवा येताना पाहिला, त्याला धरणाचे मोल निराळे समजावून सांगावे लागले नसेल, असे अनुमान करायला हरकत नाही.

फलटणच्या दक्षिणेला शंभू महादेवाची डोंगररांग आडवी पसरलेली आहे. हिच्या उत्तर उतारावरचे पाणी बाणगंगेसारख्या ओढ्या-नद्यांनी नीरेला मिळते. दक्षिणेचे पाणी माणगंगा घेऊन जाते आणि भीमेला देते. थोडे पश्चिमेकडचे येरळेतून कृष्णेला जाते. कुळकजाईजवळच्या सीतामाईच्या डोंगरात माणगंगेचा उगम मानतात. एरवी या तिन्ही दिशांना जाण्यासारखे पाणी डोंगरात असतेच किती, हा प्रश्न उन्हाळ्यात पाहणाऱ्याला पडेल. बाभूळ, हिवर, तरवड आणि कुसळी गवत एवढीच येथली संपत्ती. त्यातून मेंढरांचे कळप वाट काढतात. कालव्याची रेघ मागे पडली की मुलखाचा मूळ चेहरा असा समोर येतो.

किल्ले आहेत ते याच रांगेत आणि तिच्या फाट्यांवर. ताथवड्याचा संतोषगड, त्याच्या पूर्वेला वारूगड, साताऱ्याहून दहिवडीमार्गे पंढरपूरला जाणाऱ्या वाटेवर वर्धनगड आणि महिमानगड, खटावच्या मैदानात एकटाच उठलेला भूषणगड. यांतला एकही उंचीने राजगड-तोरण्याच्या तोडीचा नाही. पण त्यांचे काम वेगळे होते. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीतले स्वराज्य आणि पूर्वेकडे विजापूरच्या सैन्याला मोकळी असलेली माळरानाची वाट, या दोहोंमधली ही चौक्यांची माळ होती. या डोंगरांवरून पाहावे तर पूर्वेला क्षितिजापर्यंत काहीच आडवे येत नाही. घोडदळाची धूळ एक दिवस आधी दिसावी अशीच ही जागा आहे.

अशा ठिकाणी गड बांधणाऱ्याची पहिली चिंता शत्रूची नसते, तहानेची असते. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या 'आज्ञापत्रा'त दुर्गांविषयीचे प्रकरण आहे. त्यात गड बांधण्याआधी पाणी पाहावे असे बजावले आहे. पाणी नसेल आणि जागा तर सोडता येत नसेल, तर कातळ फोडून टाकी तयार करावीत. एका झऱ्यावर विसंबून राहू नये, कारण युद्धात तोफांच्या हादऱ्याने झरे आटू शकतात. म्हणून साठ्याचे पाणी निराळे राखावे आणि ते सहसा खर्चू नये, अशी ती शिकवण आहे. कोकणच्या अंगाच्या गडांवर हा उपदेश सावधगिरीचा वाटतो. माणदेशच्या गडांवर तो जगण्याची पहिली अट ठरतो.

संतोषगडावर जाऊन पाहावे. तिहेरी तटबंदीच्या आत कातळात खोल खोदलेले टाके आहे, त्यात उतरण्यासाठी पायऱ्या आहेत आणि जवळच महादेवाचे लहानसे स्थान आहे. गडाच्या दरवाजाला किंवा बुरुजाला जितके श्रम लागले असतील त्याहून कमी या खोदकामाला लागले नसतील. छिन्नीने काढलेल्या प्रत्येक चिऱ्याचा दुहेरी उपयोग होता. तो वर तटाला लागे आणि त्याची रिकामी झालेली जागा पाण्याला मिळे. गडाच्या भिंती आणि गडाचे पाणी एकाच खड्ड्यातून निघाले, ही गोष्ट कोरड्या मुलखातल्या दुर्गरचनेचे मर्म आहे. वारूगडाच्या माचीवर तर आजही वस्ती आहे. किल्ला राज्याच्या उपयोगाचा उरला नाही, तरी पाणी आणि आडोसा यांच्या आधाराने माणसे तिथे टिकली.

या किल्ल्यांचे राजकारणही सरळ रेषेत चालणारे नव्हते. पुरंदरच्या तहानंतर मिर्झाराजे जयसिंगाने विजापूरवर स्वारी केली, तेव्हा तहाच्या अटींप्रमाणे शिवाजीमहाराज मोगलांच्या बाजूने तीत सामील होते. १६६५च्या डिसेंबरात फलटण आणि ताथवडा ही विजापूरकरांची ठाणी त्या मोहिमेत महाराजांच्या फौजेने घेतली. सईबाईंचे माहेर अशा रीतीने मोगलांच्या नावाने जिंकले गेले. स्वराज्याच्या इतिहासातला हा प्रसंग आपण चटकन ओलांडून पुढे जातो. पण सरहद्दीवरच्या मुलखात नाती, निष्ठा आणि ठाणी यांची सरमिसळ कशी असते हे कळण्यासाठी तो फार उपयोगी आहे.

या मुलखातल्या पाण्याची दुसरी बाजूही इतिहासाने नोंदवली आहे. १७०० सालच्या उन्हाळ्यात औरंगजेबाने सातारा आणि पाठोपाठ परळीचा किल्ला घेतला. नंतर विश्रांतीसाठी त्याची छावणी माण नदीच्या काठी, सांगोल्याजवळच्या खवासपूरला पडली. नदीचे पात्र कोरडे होते. बादशाही छावणी मोठी. तिचा काही भाग पात्रातच पसरला. ऑक्टोबरच्या आरंभी एका रात्री वरच्या डोंगरांत पाऊस झाला आणि माणेला अकस्मात लोंढा आला. माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले. गोंधळात पळताना बादशहाचा पाय घसरला, गुडघा निखळला आणि तो पुढे आयुष्यभर लंगडत राहिला. तैमूरलंगाचा वारसा असा चालला, असे म्हणून दरबाऱ्यांनी त्याचे सांत्वन केले म्हणतात. कोरडी नदी म्हणजे मेलेली नदी नव्हे, हे ज्ञान धनगराच्या पोरालाही असते. आलमगिराच्या छावणीत ते नव्हते. पुढच्याच वर्षी, १७०१ साली, मोगलांनी वर्धनगड घेतला आणि त्याचे नाव सादिकगड ठेवले. ते नाव टिकले नाही. माणच्या पुराची आठवण मात्र टिकली.

गडांचे पाणी सैन्यासाठी होते. सामान्य माणसाच्या तहानेचा विचार या रांगेत दिसतो तो शिखर शिंगणापूरला. यादवराजा सिंघणाच्या नावाशी जोडले जाणारे हे गाव आणि डोंगरमाथ्यावरचा शंभू महादेव हे भोसल्यांचे कुलदैवत. चैत्रात लाखो लोक येथे यात्रेला येत आणि पाण्यावाचून हाल होत. ते पाहून मालोजीराजांनी येथे मोठा तलाव बांधला. परमानंदाच्या 'शिवभारता'त या कामाचा उल्लेख आहे. ज्या घराण्याने पुढे शेकडो किल्ले बांधले किंवा जिंकले, त्याच्या पहिल्या ठळक पुरुषाच्या नावावर तट-बुरुजाच्या आधी एक तलाव नोंदलेला आहे. शिवचरित्राच्या प्रस्तावनेत ही गोष्ट जेवढ्या सहजतेने सांगून संपवली जाते, तेवढी ती सहज नाही. कोरड्या मुलखात तलाव बांधणे हा राज्यकर्तेपणाचा पहिला दाखला होता; लोक ज्याचे पाणी पितात त्याचे ऐकतात.

याच यात्रेत सासवडहून तेल्या भुत्याची कावड येते. खांद्यावर पाणी घेऊन निघालेले लोक मुंगी घाटाची उभी चढण एकमेकांच्या हातांच्या साखळीने चढतात आणि ते पाणी शंभू महादेवाला घालतात. नारळ, फुले, नैवेद्य हे सगळ्याच देवांना असते. पाणी ही सर्वांत मोठी भेट मानून दूरवरच्या नदीतून ते डोंगरावर वाहून न्यावे, हे ज्या प्रदेशाला सुचले त्याला पाण्याविषयी काही शिकवण्याची गरज नाही.

शिंगणापूरहून पश्चिमेकडे वळून वर्धनगडाच्या दक्षिणेला गेले की औंध लागते. फलटणहून अगदी निराळा असा संस्थानी कारभार येथे दिसतो. पंतप्रतिनिधींचे हे संस्थान अवघ्या बहात्तर गावांचे आणि तीही सलग नव्हेत. एक तुकडा औंधला, एक कुंडलला, एक आटपाडीला, एक पार विजापूरच्या बाजूला. त्यातला बराच भाग दुष्काळी. येथे मोठी नदी नव्हती, कालवा नव्हता. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी अशा मर्यादित उत्पन्नातून चित्रकला, सूर्यनमस्कार, शिक्षण यांचा ध्यास घेतला. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी आधार दिला. कुंडलच्या माळावर त्यांनी दिलेल्या जागेत १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. डोंगरावरच्या यमाईच्या वाटेवर १९३८ साली उघडलेल्या भवानी संग्रहालयात रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूरचे शिल्पही आहे. खटावच्या माळावर हेन्री मूर भेटावा, याचे नवल वाटणारच.

पण औंधची खरी दौलत संग्रहालयात नाही. १९३९च्या जानेवारीत या राजाने, गांधीजींचा सल्ला घेऊन तयार केलेल्या घटनेनुसार, आपली सत्ता गावपंचायतींकडे आणि लोकनियुक्त सभेकडे सोपवली. ब्रिटिश हिंदुस्थानात स्वातंत्र्याचा झगडा चालू असताना एका दुष्काळी संस्थानाने तो प्रश्न आपल्यापुरता सोडवून टाकला. त्याच वर्षी आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर ही बंदिवानांची खुली वसाहत सुरू झाली. भिंतींवाचून तुरुंग, आणि बंदिवानांनी करायचे काम म्हणजे खडकाळ जमिनीत शेती. १९५७ साली आलेल्या व्ही. शांतारामांच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाचे मूळ येथे आहे, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच भागातले. ज्या राजाजवळ वाटायला पाणी नव्हते त्याने सत्ता वाटली, असे म्हटले तर ते अलंकारिक होईल. पण अगदीच खोटे होणार नाही.

आता शेवटचा मुक्काम म्हसवडच्या पलीकडचा. १८७६-७७चा दुष्काळ दख्खनच्या स्मरणात अजून आहे. त्या काळच्या दुष्काळी कामांतून माणगंगेवर राजेवाडीजवळ मोठा तलाव उभा राहिला. तो म्हसवडचा तलाव म्हणूनही ओळखला जातो. राजस्थानशी तुलना करायची तर ती इथे करावी. जोधपूरचा उमेदभवन हा अवाढव्य राजवाडा १९२९ ते १९४३ या काळात बांधला गेला, तोही दुष्काळाने गांजलेल्या रयतेला काम मिळावे म्हणून. मारवाडात दुष्काळी कामातून राजवाडा उभा राहिला, माणदेशात तलाव. ऐकायला हे आपल्या बाजूचे वाटते. परंतु राजेवाडीच्या तलावाचे पाणी कोठे गेले हे पाहिले की अभिमान आवरता घ्यावा लागतो. तलावाने जमीन बुडवली ती माण आणि आटपाडीकडची. भिजली ती मुख्यतः खालच्या अंगाची, सोलापूर जिल्ह्यातली. तलावाच्या काठावरच्या गावाने पाण्याकडे नुसते पाहावे, हा प्रकार येथे शतकाहून अधिक काळ चालत आला. राजवाडा निदान पर्यटकांना दाखवता तरी येतो.

या सर्वांतून एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. माण-खटाव-आटपाडीला आपण 'दुष्काळी पट्टा' म्हणतो, आणि ते विशेषण इतके चिकटले आहे की, या मुलखाला त्याखेरीज काही इतिहास असेल ही शंकाही येत नाही. कमी पाऊस हे दैव खरे. परंतु साठवलेले पाणी कोणाकडे वळवायचे, कालव्याची रेघ कोठून न्यायची, हे दैव नव्हे. ते माणसांनी घेतलेले निर्णय आहेत. मालोजीराजांचा तलाव हा निर्णय होता, संतोषगडाचे टाके हा निर्णय होता, नीरेचा उजवा कालवा आणि राजेवाडीचा तलाव हेही निर्णयच होते.

अलीकडच्या काळात कृष्णेचे पाणी जिहे-कठापूरहून उचलून नेरच्या तलावात आणि तेथून बोगद्याने माणगंगेवरच्या आंधळीच्या धरणाकडे नेले आहे. आटपाडीला टेंभू योजनेचे पाणी पोचले आहे. एका खोऱ्याचे पाणी डोंगर ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात जावे, हे कावड घेऊन मुंगी घाट चढणाऱ्यांना नवे वाटू नये. आता तेच काम पंप करतात, एवढाच फरक. परंतु या पाण्याबरोबर ऊसही येतो, आणि ऊस आला की कालव्याखालचे आणि कालव्यावरचे अशी जुनी रेघ नव्या जागी आखली जाते. त्या रेघेच्या वर राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न लोणंद-फलटणच्या वाटेवर एकदा सुटला नाही. तो माणमध्ये आपोआप सुटेल असे मानण्याचे कारण नाही.

गडांवरची टाकी मात्र पुष्कळ ठिकाणी गाळाने भरत चालली आहेत. तटाची डागडुजी व्हावी म्हणून निवेदने निघतात आणि ती निघावीतही. पण या गडांवर जाणाऱ्याने बुरुजावर उभे राहून छायाचित्र घेण्याआधी टाक्याच्या काठाशी बसावे आणि कातळावरचे छिन्नीचे घाव पाहावेत, असे सुचवावेसे वाटते. साडेतीनशे वर्षांपूर्वी येथे कोणीतरी पाऊस किती पडेल याचा आणि तो वर्षभर किती माणसांना पुरवावा लागेल याचा हिशेब मांडला होता. तो हिशेब चुकला असता तर एकही तोफ न डागता गड पडला असता.